आणि तेही नाही जमलं तर?

दि. ९ जानेवारी

ती. ताईस,

नमस्कार. दाजींनाही सांग, घेणार असतील तर. तू माझा फोन उचलत नाहीस आणि दाजींच्या फोनवर माझा नंबर लागतच नाही, तेव्हा आता कागदावर आलोय. कागदाचं एक बरं असतं, तो मधेच कट होत नाही.

आईचे गुडघे होते तसेच. बाबा माझ्याशी अजून थेट बोलत नाहीत. मी समोर जेवायला बसलेला असतो आणि ते आईला म्हणतात, त्याला विचार, भाजी हवी का. मीही आईलाच सांगतो, त्यांना सांग, नको. काल आई म्हणाली, एक दिवस मी तुमच्या मधून उठून जाईन, मग बसा दोघं भिंतीशी बोलत.

मला नोकरी लागली. हसू नकोस. मोठ्या हॉस्पिटलच्या बाळंतपण विभागात, कॉरिडॉरच्या टोकाला एक खोली आहे, तिथे भूल देणाऱ्या डॉक्टर बसतात. बायका त्यांना भूलवाल्या बाई म्हणतात, म्हणून मीही. दाराशी उभं राहून नंबर पुकारायचे, वजन-उंची घ्यायची आणि सोबत आलेल्या सासवांना बाकावर बसवून ठेवायचं, हे माझं काम. शेवटचं सगळ्यात अवघड. कॉलेज अर्धवट टाकलेल्याला याहून काय मिळणार, असं बाबा म्हणाले. आईमार्फत.

मला वाटायचं, भूल म्हणजे ऑपरेशनच्या वेळी सुई टोचली की संपलं. इथे तसं नाही. जिला दमा आहे, जिची पाठ वाकडी आहे, जिचं हृदय नाजूक आहे, तिला सातव्या-आठव्या महिन्यातच बोलावून घेतात. बाई तिला तोंड उघडायला लावतात, मान मागे टाकायला लावतात, मणके चाचपतात. टेबलावर प्लॅस्टिकचे मणके ठेवलेत, त्यांना हात लावल्याशिवाय एकही बाई खोलीबाहेर जात नाही. आणि दर बुधवारी बाळंतपणाच्या मोठ्या डॉक्टर, हेडसिस्टर आणि रक्तपेढीचा माणूस यांना घेऊन बाई बसतात आणि एकेकीचं ठरवतात. कुठल्या दिवशी, कोण हजर, भूल कमरेतून की पूर्ण. कोणी काही सुचवलं की बाई विचारतात, "आणि ते नाही जमलं तर?" त्याचं उत्तर मिळालं की, "आणि तेही नाही जमलं तर?" पहिल्या दिवशी मला वाटलं, काय अभद्र बाई आहे. हेडसिस्टर म्हणाली, संकट आपल्याकडे सांगून येत नाही ना, म्हणून या आधीच त्याच्याकडे जाऊन येतात.

परवा एक गंमत झाली. घरात कोणाला भुलेचा त्रास झाला होता का, हे बाई प्रत्येकीला विचारतात. मला तो प्रश्न आता झोपेतही ऐकू येतो. परवा एका सासूबाईंनी हसत हसत सांगितलं, हिचा मामा ऑपरेशननंतर दिवसभर उठलाच नव्हता, एक नंबरचा झोपाळू. बाकावरच्या सगळ्या हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि त्या मामाला बोलावून घ्या म्हणाल्या.

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. का, ते पुढच्या पत्रात.

तुझं नाव कुठे घातलंय? तुमच्या गल्लीतल्या त्या नर्सिंग होममध्येच का? तिथे भूल द्यायला ठरलेलं कोणी आहे, की ऐन वेळी फोन करून बोलावतात? एवढं नक्की विचारून कळव. आणि एकदा इथे येऊन बाईंना दाखवून जा. सातवा लागला ना, आई म्हणत होती.

घरात बाकी सगळे कसे आहेत? बाकी म्हणजे आपले सगळेच.

तुझा भाऊ


दि. २७ जानेवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं, चार ओळींना पत्र म्हणायचं असेल तर. नमस्कार वगैरे समजून घे, आज माझं डोकं ठिकाणावर नाही.

दाजी म्हणतात, आधी डबा झाला, मग ताप झाला, आता बायकोच्या बाळंतपणाचं निमित्त काढलं. त्यांच्या धाकट्या बहिणीला बघायला मी काहीही रचीन. ठीक आहे, डब्याचं खरं. आईने पाठवलाय म्हणून मी दारात उभा राहिलो, तू झाकण काढलंस, आत काही नाही. तुझी नणंद तेव्हा एवढंच म्हणाली होती, "निदान धुऊन तरी आणायचास." तेवढं वाक्य मी किती महिने पुरवून पुरवून खाल्लं ते तुला सांगून उपयोग नाही. ताप पण खोटा. कॉलेज मी धाकटीसाठी सोडलं असं तुम्ही समजता, ते अर्धंच खरं. तिच्याबद्दल वाकडं बोलला म्हणून मी एकाचं थोबाड फोडलं. माफी माग म्हणाले, मागितली नाही, दप्तर उचललं आणि आलो. तिने काही मला फोड म्हणून सांगितलं नव्हतं. उलट महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

पण हे निमित्त नाही, ताई.

माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन आठव. मी बारावीत होतो, तुझं लग्न नुकतंच झालं होतं. बाबा गावाला गेलेले, आईला चक्कर आली म्हणून तू तिच्यापाशी, आणि त्या छोट्या दवाखान्यात माझ्याजवळ दाजी एकटे. सकाळी दिलेली भूल संध्याकाळपर्यंत उतरली नाही. डॉक्टर म्हणाले, औषध जरा जास्त भिनलं. विषय संपला. माझं नाव ओंडका पडलं आणि दाजींना आयुष्यभराचा किस्सा मिळाला. सगळा वॉर्ड उठून चहा पिऊन घरी गेला, आमचा ओंडका दिवेलागणीला एक डोळा उघडतो आणि विचारतो, ऑपरेशन कधी आहे?

मी असं काही विचारलं नव्हतं. असो.

मी हे बाईंना सांगितलं. किस्सा म्हणून सांगितला नाही, जमेल तसं सांगितलं. त्यांनी लगेच माझं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आलाय. पूर्ण भूल देताना अंग सैल पडावं, घशात श्वासाची नळी घालता यावी म्हणून एक इंजेक्शन देतात. ते इतरांच्या रक्तात पाच-दहा मिनिटांत विरून जातं. माझ्या रक्तात ते विरवणारी गोष्टच जवळजवळ नाही. मग छातीसुद्धा हलत नाही. बाहेरून श्वास देत राहिलं तर माणूस काही तासांनी ठणठणीत उठतो. नाही दिला तर उठत नाही.

बाईंनी विचारलं, भावंडं किती. मी म्हटलं, एक बहीण. तिचं कधी ऑपरेशन झालंय का. नाही, म्हटलं, पण तिला सातवा महिना आहे. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

सख्ख्या भावंडांत हे असायची शक्यता चारात एक. तुझं रक्त आत्ता तपासलं तरी खात्रीचं कळणार नाही, कारण गरोदरपणात तो आकडा असाही खाली जातो. म्हणून बाई म्हणतात, आहेच असं धरून चालायचं. त्यात तसं अवघड काही नाही. ते एक इंजेक्शन टाळायचं, दुसरी औषधं आहेत. फक्त भूल देणाऱ्याला आधी माहीत हवं. तुझ्या नर्सिंग होममध्ये तो ऐन वेळी स्कूटरवरून येणार, तुला ओळखत नसणार, घाईत सगळ्यांना देतो तेच देणार. श्वासाचं मशीन तिथे आहे का, हे तरी कोणी विचारलंय?

सोबत बाईंच्या सहीची चिठ्ठी आहे. ती तुझ्या डॉक्टरांना दाखव. दाजींना माझा राग मानायचा असेल तर खुशाल मानू दे, पण चिठ्ठी दाखव.

तुझा भाऊ, चिडलेला


दि. ११ फेब्रुवारी

ती. दाजींस,

नमस्कार. पत्र माझं आहे हे अक्षरावरून कळलंच असेल. फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती.

आईकडून कळलं की चिठ्ठी तुम्ही ड्रॉवरमध्ये टाकलीत. हॉस्पिटलात काम करतो, शिक्क्याच्या कागदाला त्याला काय तोटा, असं म्हणालात. रिकामा डबा आणणाऱ्याचं कोण ऐकणार? मी तुमच्या जागी असतो तर चिठ्ठी फाडली असती. तुम्ही ठेवलीत तरी.

त्या दिवशी धाकटीसाठी पाहुणे आले होते आणि तुम्ही त्यांना ओंडक्याचा किस्सा सांगितलात. पाहुणे हसले, ताई हसली, धाकटीही हसली. मी हातातला पेला शोकेसवर मारला. पुन्हा या घरात पाऊल टाकायचं नाही म्हणालात, ते बरोबरच होतं, काच माझ्या बापाची नव्हती. तुम्हाला वाटलं, तिच्यासमोर माझी लाज गेली म्हणून मी पेटलो. लाज गेलीच. पण पेला त्यासाठी सुटला नाही. हे मी आजवर आईलाही सांगितलेलं नाही.

मी झोपलेलो नव्हतो, दाजी.

भूल कधीच उतरली होती, ते इंजेक्शन उतरलं नव्हतं. असं होऊ शकतं हे बाईंनी सांगितलं तेव्हा मला कळलं, तोवर मला वाटायचं माझ्या डोक्यात काही बिघाड आहे. सगळं ऐकू येत होतं. पापणी उचलायचा प्रयत्न करत होतो आणि ती उचलत नव्हती. छातीत हवा मी घेत नव्हतो, कोणीतरी भरत होतं. वॉर्डबॉय नळीला जोडलेला हवेचा फुगा हाताने दाबत होता. त्याचा हात भरून आला तेव्हा तुम्ही म्हणालात, दे इकडे, मला दाखव कसं. मग तुम्ही दाबायला लागलात, तोंडाने "हां, घे" म्हणत, प्रत्येक वेळी. तुमचा एकदा ताल चुकला आणि मी आतल्या आत ओरडलो.

वॉर्डबॉय बाहेर गेला तेव्हा तुम्ही माझ्या कानाशी वाकलात. "ऊठ रे राजा. तुझ्या ताईला शब्द देऊन आलोय मी. तू असाच राहिलास तर त्या घरात तोंड कसं दाखवू?" मग म्हणालात, "ऊठ, माझी मोटरसायकल तुझी. किल्ली आत्ता देतो, बघ." किल्ली तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलीतही. गार होती. मला मूठ मिटता आली नाही. मग तुम्ही रडलात आणि नाक माझ्या चादरीला पुसलंत.

हे तुम्ही कोणाला सांगितलेलं नाही. मोटरसायकल अजून तुम्हीच चालवता, त्यावरून मला माहीत आहे. मी पण कधी मागितली नाही. पण तुम्ही किस्सा सुरू केलात की मला दरवेळी वाटायचं, आज सांगतील. तुम्ही दरवेळी चहापाशी आणून संपवायचात. तुम्ही घाबरला होतात ते लपवायला हसवता, हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा एवढंच वाटायचं की मी आत मरत होतो आणि हा माणूस टाळ्या घेतोय.

तेच इंजेक्शन ताईला मिळालं तर तीही अशीच पडेल, कदाचित आतून जागी. नर्सिंग होमचं दार बंद असेल आणि तुम्ही दाराबाहेर. फुगा दाबायला तुम्हाला कोणी आत घेणार नाही.

माझं मागणं एकच आहे. ताईला घेऊन इथे या आणि तो किस्सा बाईंना सांगा, हसायच्या जागा गाळून. फुगा कधीपासून कधीपर्यंत दाबला, डॉक्टर आपसात काय बोलले, मी हललो तो आधी कुठून हललो. मी आत होतो, मला अर्धंच माहीत आहे. बाकीचं अर्धं तुमच्याकडे आहे आणि दुसऱ्या कोणाकडेच नाही.

मी तुमच्या समोर येणार नाही. तुम्ही याल त्या दिवशी दाराशी दुसरं कोणी असेल. धाकटीचं लग्न होऊन ती तिच्या घरी जाईपर्यंत तुमच्याकडे पाऊल टाकणार नाही, बाळाला बघायलासुद्धा नाही. मग तरी हे निमित्त नाही हे पटेल ना?

धाकटीला दोन ओळी लिहिल्या असत्या तर ड्रॉवर उघडून, चिठ्ठी काढून, ताईला हाताला धरून तिने केव्हाच इथे आणलं असतं. नाही लिहिल्या. लिहिल्या असत्या तर तुम्ही म्हणाला असता, बघा, आलं ना बाहेर.

आपला मेहुणा


दि. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. परवा तुला बघितलं नाही पण तुझा आवाज ऐकला. बसलेला वाटला, सर्दी झालीय का?

सांगितल्याप्रमाणे मी दाराशी नव्हतो. बाईंच्या खोलीला लागून चादरी ठेवायची खोली आहे, मधे प्लायवूडची भिंत. तिथे घड्या घालत बसलो होतो. तुझा नंबर आयामावशीने पुकारला आणि चुकीचा पुकारला, दुसरीच बाई उठून आत आली. मला तिथून ओरडून सांगावंसं वाटत होतं. चादर तोंडात धरून बसलो.

दाजींनी सुरुवात नेहमीसारखीच केली, "आमचा मेहुणा म्हणजे, डॉक्टर, ओंडका." इतक्या वर्षांची सवय, जीभ काय करणार. मग थांबले. बाईंनी विचारलं, फुगा कोणी दाबला. दाजी म्हणाले, मी, हात बदलून बदलून. मग दाजी म्हणाले, "तो जागा होता हो. आणि मी लोकांना हसवत फिरलो." पुढचं मला ऐकायचं नव्हतं, म्हणून मी कपाटाचं दार आपटलं. मावशी आत डोकावून म्हणाली, मला वाटलं उंदीर आहे.

काल बुधवार. बैठकीत तुझं नाव होतं. पाणी ठेवायला म्हणून मी आत गेलो आणि जग भरायला मुद्दाम वेळ लावला. ठरलं ते असं. बाळंतपण इथेच, नर्सिंग होममध्ये नाही. आपोआप झालं तर उत्तमच. ऑपरेशनची वेळ आली तर कमरेतून भूल. बाईंनी विचारलं, आणि ते नाही जमलं तर? तर पूर्ण भूल, पण दुसऱ्या औषधाने. ते इंजेक्शन तुझ्या फाइलच्या पहिल्या पानावर नाव लिहून काट मारून ठेवलंय, आंधळ्यालाही दिसेल असं. आणि तेही नाही जमलं तर? हेडसिस्टर म्हणाली, श्वासाचं मशीन आधीपासून खोलीत, चालवून बघितलेलं, आणि वरच्या मजल्यावर आयसीयूत एक खाट राखून. बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. पेनाला टोपण लावलं. मला वाटतं आज मी बाबांशी थेट बोलेन, आईला मधे न घेता.

धाकटी सोबत आली होती हे मला माहीत नव्हतं. मावशीने नंतर सांगितलं. बाकावर बसून होती आणि मावशीला म्हणाली, इथे नंबर पुकारणारा असतो तो कुठे आहे? मावशीने ठरल्याप्रमाणे सांगितलं, रजेवर. त्यावर म्हणाली, "रजेवरच्या माणसाची चप्पल दाराबाहेर राहते का?" चादरींच्या खोलीत चप्पल बाहेर काढून जावं लागतं, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आणि धाकटी तशीच बसून राहिली, तुम्ही निघेपर्यंत, दाराकडे तोंड करून.

मी बाहेर आलो नाही. एवढं दाजींना सांग. एका जागी इतका गप्प मी आयुष्यात दुसऱ्यांदाच पडून राहिलो, आणि पहिल्यांदा माझा इलाज नव्हता.

दाजी जाताना मावशीजवळ किल्ली ठेवून गेले. त्याला द्या म्हणाले, क्लच घट्ट झालाय म्हणावं, आणि गाडी घरी उभी आहे, येऊन घेऊन जा. किल्ली माझ्या खिशात आहे. गेले दोन दिवस मधेच हात घालून मूठ मिटून बघतो. पण गाडी तुमच्याच दारात राहू दे. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असेलच, धाकटीचं लग्न होईपर्यंत त्यांनीच चालवावी. लग्नाची तारीख ठरली की मला मात्र कळवू नकोस, आई सांगेल, बाबांमार्फत.

कळा सुरू झाल्या की कोणाची वाट बघू नकोस, रिक्षा करा आणि थेट इथे या. दाजींना म्हणावं, त्या दिवशी मोटरसायकल नको. लेबर रूमला माझ्या दारावरूनच जावं लागतं. मी दाराशी दिसलो तर नुसता हात कर. नाही दिसलो तर समज, धाकटी तुझ्यासोबत आहे आणि मी प्लायवूडच्या पलीकडे आहे. तुला भीती वाटली तर मोठ्याने बोल, मला सगळं ऐकू येतं.

तुझा,
जागा असलेला,
ओंडका